पुसलेल्या फिती
आमच्या दिग्दर्शकाला सगळं युनिट पाठीमागे 'पुन्हासाहेब' म्हणायचं. शॉट कितीही झकास होवो, हा मान हलवून म्हणणार, "पुन्हा." तोंडावर मी त्याला साहेब म्हणायची, मनात मात्र एकेरीच. त्याच्याबद्दल जो राग आहे तो अहो-जाहोत मावत नाही.

सुरुवातीला तो सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. बरोबरीचे सगळे मोठ्या भाषेच्या सिनेमामागे पळाले, हा हट्टाने आपल्याच भाषेत राहिला. सात चित्रपट केले. थिएटरवाले सकाळचा खेळ द्यायचे, तोही एक आठवडा, आणि नंतर पोस्टर उतरवून मोकळे व्हायचे. "आपली भाषा आपणच नाही बोलायची, तर कोणी बोलायची?" हे त्याचं पालुपद. सातही चित्रपटांची नायिका त्याची बायको, आमच्या वहिनी. कॅमेऱ्यासमोर त्या उभ्या राहिल्या की बाकीचे फिके पडायचे. आवाज मात्र घोगरा, वाक्य संपता संपता खाली बसणारा. गावाकडचा वाटतो म्हणे. भाषेचा एवढा कैवारी, पण घरातल्या बाईच्या तोंडची भाषा त्याला चालली नाही. पहिल्याच चित्रपटाला त्याने सांगून टाकलं, "चेहरा हिचा, आवाज दुसरीचा." ती दुसरी मी.

शूटिंगच्या जागी कच्चा आवाज फितीवर उतरवायचा. डबिंगच्या खोलीत मी तो कानाला लावून, पडद्यावरच्या ओठांवर माझा आवाज बसवायची. काम झालं की फिती पुसायच्या आणि पुढच्या चित्रपटाला वापरायच्या. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं, पण आमचा साहेब स्वतः समोर उभं राहून पुसून घ्यायचा. भारी शिस्तीचा!

वहिनी एकदा डबिंगला आल्या आणि काचेपलीकडून मला बघत बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "छान बोलतेस गं. आता घरी तोंड उघडलं की मलाच चुकल्यासारखं होतं." मी हसले. लाज वाटायला हवी होती, मला कौतुक वाटलं.

सातवा चित्रपट लागला त्याच महिन्यात वहिनी तापाने गेल्या. मुलगी दोन वर्षांची होती. साहेबाने पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

मुलगी विशीत आली तेव्हा एकदा जेवताना तिने सहज विचारलं, "बाबा, आईचा खरा आवाज कुठल्या सिनेमात आहे?" घास त्याच्या हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो शोधत सुटला. स्टुडिओची गोदामं, बंद पडलेल्या लॅबच्या खोल्या, वारलेल्या साउंडवाल्याच्या घरचा माळा. आंबूस वासाचे गंजके डबे उघडून उघडून त्याच्या बोटांची सालं निघाली. पाच वर्षं हेच. सापडलेल्या प्रत्येक फितीवर दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, दोष कुणाला देणार? मग तो विसरायला लागला. आधी रस्ते, नंतर माणसं.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. "मावशी, आईला तुमच्याइतकं कुणीच ऐकलेलं नाही. एकदा तिच्या आवाजात बोलून दाखवाल? मला फक्त कळायला हवं, ती कशी बोलायची."

खरं होतं तिचं. वहिनींचं एकेक वाक्य मी पन्नास पन्नास वेळा ऐकलं होतं. मी गेले. साहेब पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मुलीने फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. सिनेमातले संवाद मला म्हणायचे नव्हते. शेवटच्या चित्रपटाच्या एका फितीवर, शॉट सुरू व्हायच्या आधी, वहिनी बाजूला रडणाऱ्या लेकीशी बोलल्या होत्या. ते पडद्यावर कधीच आलं नाही, माझ्या कानात तेवढं राहिलं. घसा खाली नेऊन मी म्हटलं, "रडू नको गं सोने. हे एवढं आटपलं की मी तुझीच."

इतकं हुबेहूब उतरलं की मीच दचकले. मुलीने तोंडावर हात दाबून धरला होता.

साहेब कूस बदलून आमच्याकडे वळला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "ही कोण बाई? हिला जाऊ दे. तुझ्या आईला बोलाव."

"साहेब, अहो..." एवढंच माझ्या आवाजात निघालं, आणि त्याचा चेहरा उजळला. माझा हात त्याने घट्ट धरला. "आलीस? किती वेळ लावलास!"

मी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आले," मी म्हटलं.

मुलीने रेकॉर्डिंग बंद केलं. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.