उठण्याआधीचं एक मिनिट

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही जैन माणसं हात जोडून एकमेकांची माफी मागतो. लहान मोठ्याची, मोठा लहानाची. गेली नऊ वर्षं मी निपाणीहून सदलग्याला जाऊन माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हेच म्हणत आलो, “वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा कर.” काय चुकलं ते ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्यानं ‘असेल तर’ म्हणावं, ही कसली क्षमा? बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, मूर्तीपुढं उभा राहायचो, पण नजर वर जायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी पर्युषण पर्वातली एक सकाळ. अभिषेकाचा मान त्या दिवशी आमच्या घराकडं होता. आईचं एकभुक्त चाललेलं. दिवसातून एकदाच जेवण, तेव्हाच काय ते पाणी, आणि वर रक्तदाबाची गोळी. दोन दिवस ती सांगत होती, “उभं ऱ्हायलं की डोळ्यापुढं अंधार येतोय रं.” मी हसण्यावारी नेलं. “बसलीस की बरी असतीस, काम निघालं की चक्कर येती व्हय तुला?” त्या सकाळी ती पलंगावर आडवी होती. उशीर होत होता. मी ओरडलो, हाताला धरून तिला उभं केलं आणि कलश घ्यायला हात सोडला. ती जागच्या जागी कोसळली. खुबा मोडला. पुन्हा कधी आपल्या पायावर उभी राहिली नाही, आठ महिन्यांनी गेली.

पर्वासाठी माहेरी आलेल्या आक्कानं थोड्याच वेळापूर्वी ती खोली पुसली होती. दवाखान्यात आई सगळ्यांना म्हणाली, “पाय घसरला, फरशी ओली हुती.” मला वाचवायला म्हणाली. ते आक्कानं ऐकलं, आणि मी गप्प राहिलो. तेव्हापासून आक्का फरशी पुसून झाली की गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसते. स्वतःच्या घरात, आमच्या घरात, कुठंही. ते बघत मी चहा पीत आलो.

यंदा मीही एकभुक्त धरलं होतं. दोन वर्षांपासून गोळी मलाही सुरू आहे. संध्याकाळी बस्तीत बराच वेळ मांडी घालून बसलो होतो. आरतीची घंटा झाली तसा झटक्यात उठलो आणि डोळ्यांपुढं काळं झालं. कुणीतरी मनगट धरलं. “बस रं बाबा, बस. आरती कुठं पळून चाललीया?” एक म्हातारे गृहस्थ होते, कधी न पाहिलेले. त्यांनी मला खाली बसवलं, मग आडवं केलं आणि आपली वळकटी पायांखाली सरकवली. लोक बघत होते. लाजून मी म्हणालो, “काही नाही, फरशी ओली होती.”

त्यांनी फरशीवर तळहात फिरवला. “कोरडी हाय की.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता. पण आईचंच वाक्य मी बोललो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते पुढं सांगत राहिले, “रगत पायातच ऱ्हातंय, डोस्क्यापतूर पोचायच्या आत आपण उभं ऱ्हातोय. आधी बसायचं, पाय हलवायचं, मग कशाला तरी धरून उठायचं. आणि डाक्टरला दाखव, अंगावर काढू नगंस.” आरती संपल्यावर आभार मानायला शोधलं, तर वळकटी तेवढी माझ्या पायांखाली होती. ते कुठल्या गावचे, हे कुणालाच सांगता आलं नाही. मी तर्क करत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं करून, असा दोनदा रक्तदाब तपासला. उभं राहिल्यावर तो बराच खाली येत होता. पाणी कमी, पोट रिकामं आणि वर गोळी, सगळं एकत्र आलं होतं. त्यांनी गोळी बदलून दिली आणि बजावलं, “मनानं बंद करू नका. आणि पुढच्या वेळी उपास धरण्याआधी मला विचारा.” एवढं विचारण्यासाठी आईला दवाखान्यात न्यायला मला अर्धा दिवस पुरला असता.

क्षमावाणीला सदलग्याला गेलो तेव्हा आक्का गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. मी तिच्यापुढं खाली बसलो आणि ‘असेल तर’ न म्हणता सगळं सांगितलं, बस्तीतल्या त्या गृहस्थांनी शिकवलेलंसुद्धा. तिचा हात थांबला. फडक्याकडं बघत म्हणाली, “मग नऊ वर्षं मी काय पुसत हुते रं?”

क्षमा केली असं ती म्हणाली नाही, मीही मागे लागलो नाही. हातातलं फडकं तिनं खिडकीत वाळत टाकलं. आता निघावं म्हणून मी उठायला लागलो, तेवढ्यात तिचा हात खांद्यावर आला. “हळू. तूच सांगितलंस न्हवं? आधी पाय हलीव.” आणि तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं.

आता रोज सकाळी पलंगाच्या कडेला पाय सोडून मी मिनिटभर बसतो. पूर्वी ते मिनिट वाया गेल्यासारखं वाटायचं. आता त्यात णमोकार मंत्र म्हणतो, आईला आठवतो, आणि त्या अनोळखी हाताला नमस्कार करतो. उभं राहणं आपल्या एकट्याच्या जोरावर नसतं, कुणीतरी धरलेलं असतं, एवढं मला उशिरा का होईना, उमगलं. मग पलंगाची कड धरून हळूच उठतो.