दाराकडे बघणारे अकरा गणपती

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळचे सात वाजले नव्हते तरी हमरापुरात झाडाचं पान हलत नव्हतं. खाडीवरून यायचा तो वारासुद्धा वाटेत कुठंतरी अडून बसलेला. घाम अंगाला चिकटायचा आणि तिथंच राहायचा. पण गणपतीच्या कारखान्यांना हाच ताप हवा असतो. मूर्ती खडखडीत वाळते आणि रंग धरते.

सगुणानं अंगणात पाणी मारलं, तांदळाच्या चार भाकऱ्या थापल्या, कांद्यात सुका जवळा परतला. नवरा काळुराम टेम्पो घेऊन पेणला गेला तसं तिनं डबा भरला आणि भाचीला हाक मारली, "सुरभी, चल गो. चपला कुठं हायत तुझ्या?"

"इथंच," सुरभी म्हणाली. चपला तिच्या शेजारीच होत्या. नऊ वर्षांची पोर. सगुणाच्या धाकट्या भावाची, धनेशची. सुट्टीत आठ दिवस आत्याकडं आलेली. घर रोह्याजवळ, वरशाला. रविवारी परत जायचं होतं.

सगुणा हैबतरावांच्या कारखान्यात डोळे काढते. आखणी म्हणतात त्याला. घासकाम कुणीही शिकतं, अंगाचा रंग मशीन मारतं, पितांबर आणि दागिने बायका बोलता बोलता रंगवतात. डोळे मात्र बावीस वर्षं सगुणाचे. ती मूर्तीपेक्षा खाली, पाटावर बसते, कारण घरात देव मखरात वर असतो आणि माणूस खाली. झिरो नंबरचा, केसाएवढा बारीक ब्रश हातात घेतला की कुणाशी बोलत नाही. श्वाससुद्धा बेतानं घेते. बुबुळ असं बसवायचं की समोर हात जोडून बसलेल्या माणसाला वाटावं, हा माझ्याकडेच बघतोय. हैबतराव गिऱ्हाइकाला सांगतात, "मूर्ती आम्ही करतो, त्यात गणपती सगुणा आणते."

तिची आणखी एक खोड कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. माणूस दारात उभा राहिला की तो आज कसा आहे, हे त्यानं तोंड उघडायच्या आत तिला कळतं. हैबतराव घरून भांडून आलेत, कुणाच्या पोटात दुखतंय, कोण आगाऊ उचल मागायला आलंय. "ज्योतिषी हाय ही," धोंडुबाई म्हणायची. धोंडुबाई म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, तोंडानं फाटकी, मनानं लोणी. "हे शिकलीस कुठं गो?" असं तिनं विचारलं की सगुणा हसायची आणि ब्रश पाण्यात बुडवायची.

दुपारी दोनला जेवणं उरकली की टीव्ही लागतो. रात्रीची मालिका त्या वेळेला परत दाखवतात. बायका तिला चिमीची मालिका म्हणतात. चिमी म्हणजे त्यातली लहान मुलगी. बाप दारुडा. पुढं चिमी मोठी होते, तीही गोळ्यांच्या नादी लागते आणि डॉक्टरीणबाईला एकेक आठवण सांगते. त्या दिवशी अशीच एक आठवण होती. बाप आला तो दारावर लाथ घालूनच. डोळे लालभडक. कमरेचा पट्टा काढला. चिमी कपाटात शिरली आणि तिनं जी किंकाळी मारली, ती तीनदा दाखवली. तीनही वेळा वरून ढोल.

धोंडुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "मुडदा बशिवला त्याचा! हात झडतील मेल्याचे."

"मावशी, तो नटाचा धंदा करतो," हैबतराव म्हणाले. "परवा पेणला दुकानाच्या उद्घाटनाला आलेला. लोकांनी फोटो काढले त्याच्यासंगं."

"मना भेटला असता तर चपलेनं काढला असता फोटो!"

सगळे हसले. सुरभी कैरीची फोड मिठात बुडवत टीव्हीकडं बघत होती. ती सहज म्हणाली, "आत्या, ही ओरडते कशाला? ओरडली तर त्याला कळणार ना, ती कुठं हाय."

"बघा, हुशार पोर!" धोंडुबाई रडता रडता हसली. सगुणा मात्र हसली नाही. ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि जाहिराती लागायच्या आत आपल्या पाटावर जाऊन बसली. फळीवर अकरा मूर्ती होत्या. पाच वाजेपर्यंत तिनं अकराही मूर्तींचे डोळे संपवले.

पाचला हैबतराव फळीपाशी आले आणि उभेच राहिले. एका मूर्तीसमोर बसले. मग दुसरीसमोर. "सगुणा," ते हळूच म्हणाले, "ह्यांना कुणाची वाट बघायला लावलीस गो? सगळे दाराकडं बघतायत."

सगुणा बसून बघायला लागली. खरंच. अकराच्या अकरा गणपतींची बुबुळं केसभर उजवीकडं सरकलेली. समोर बसलेल्या तिच्याकडं एकही बघत नव्हता. बावीस वर्षांत एखाद्या डोळ्याची रेघ जाड झाली असेल, पण असं कधी नाही. ती दाराकडं बघायला वळली, तर भिंतीला पाठ लावून, कैरीची कोय हातात धरून, सुरभी दाराकडंच तोंड करून बसली होती. आल्यापासून पोर तिथंच बसत होती, हे सगुणाच्या तेव्हा लक्षात आलं. घरीसुद्धा ती अशीच बसायची. जेवतानासुद्धा. चपला शेजारी.

त्या वयाची सगुणा अशीच बसायची. फक्त ते घर खाडीकडंचं होतं, मिठागराच्या बांधावरचं.

सगुणानं ओल्या फडक्यानं अकराही मूर्तींचे डोळे पुसले, पांढरा परत भरला आणि दिवेलागणीच्या आत अकराही गणपती माणसांकडं बघायला लावले. घरी येऊन तिनं काळुरामला सांगितलं, "रविवारी पोरीला घ्यायला धनेशला बोलवू नका. मी पोचवायला जाते. मना त्याच्याशी बोलायचंय."

"काय बोलणार?"

"ते तिथं गेल्यावर कळंल."

रविवारी दुपारी दोघी एसटीत बसल्या. खांबच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, गाडी अर्धा तास उन्हात उभी. सुरभी खिडकीशी गप्प. वरशाला पोचल्या तेव्हा धनेश धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून यायचा होता. नवी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. धनेशची बायको वैशाली वाल सोलत बसलेली. मोड आलेले, कोमट पाण्यात टाकलेले. टीव्हीवर आठवडाभराची चिमी एकदम चाललेली. सगुणा हातपाय धुऊन पातेल्याशी बसली आणि सोलायला लागली.

"वन्सं, तुम्ही कशाला? प्रवास करून आलाय."

"हात मोकळे असले की डोकं चालतं माझं. राव दे."

मग जिन्यात बुटांचा आवाज आला. वैशालीचे हात थांबले. सुरभी चित्रांच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "आज नाय घेतलेली."

"काय बोलते गो ही!" वैशालीचा चेहरा पडला.

धनेश आत आला. घामेजलेला, शुद्धीवर, खुशीत. "ताई! कळवायचं तरी. पापलेट आणलं असतं." त्यानं पोरीच्या डोक्यावर टपली मारली. टीव्हीवर पट्टा, कपाट, किंकाळी. धनेश सोफ्यावर टेकला आणि मान हलवत म्हणाला, "काय माणसं असतात बघ. पोरीवर हात टाकतो. अशाला जिता सोडू नये."

सगुणानं वाल पाण्यात सोडले. "धनेश, आठवड्यात किती दिवस घेतोस तू?"

तो हसला. मग त्याला कळलं की ताई हसत नाही. "हे बोलायला आलीस व्हय? अगो, कंपनीत बारा बारा तास गॅसचा वास घेतो. चार माणसांत बसलो तर घेतो थोडी. मी काय त्याच्यासारखा हाय?" त्यानं टीव्हीकडं बोट केलं. "कधी हात लावलाय पोरीला? विचार हिला."

"नाय, मारत नाय कधी," वैशाली म्हणाली. हे वाक्य तिनं खूप जणांना सांगितलेलं असावं. ते फार सवयीनं आलं.

"आपल्या बापसानं तरी कधी मारलं होतं?" सगुणा म्हणाली.

तीस वर्षांत हा विषय भावाबहिणीत निघाला नव्हता. धनेशनं टीव्ही बंद केला. "बाबा चांगला होता."

"चांगलाच होता. म्हणून तर कळायचा नाय. एका दिवशी खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. दुसऱ्या दिवशी रडत बसायचा आपल्याला उठवून, पहाटेपर्यंत, मी वाईट हाय का रे बाळांनो म्हणून. तिसऱ्या दिवशी आवशीची सगळी मडकी अंगणात फोडलेली. बोट लावलं नाय त्यानं आपल्याला. पण आज कोण येणार घरात, ते त्याच्या खोकल्यावरून ओळखायला लागायचं. तू चार वर्षांचा. रडायला लागायचास. मग मी तुझ्या तोंडात गुळाचा खडा ठेवायची आणि गोधडीत घ्यायची. गूळ संपेस्तवर बोलायचं नाय, अशी आपली बोली होती."

धनेशनं हातातला रिमोट खाली ठेवला. "मना वाटायचं, तू लाड करतेस."

"लाडच तो. दुसरा काय होता माझ्याकडं?"

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता. सगुणा म्हणाली, "तू जिना चढत होतास, तेव्हाच तुझ्या पोरीनं सांगितलं, आज घेतलेली नाय म्हणून."

धनेशनं सुरभीकडं बघितलं. "कसं गो कळलं तुला?"

पोरीनं आधी आत्याकडं बघितलं, मग आईकडं. "घेतली असली की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबता," ती म्हणाली. "तिथं बूट काढून हातात घेता. मग आवाज बंद होतो. आवाज बंद झाला की मी दिवा घालवते आणि झोपते."

"ते मी..." धनेश म्हणाला. "तुमची झोप मोडू नये म्हणून काढतो मी बूट."

"हां," सुरभी म्हणाली. "पण तेव्हाच भीती वाटते."

धनेश उठला. गॅलरीत गेला, परत आला. पाणी प्याला. त्याला चिडायचं होतं, ते सगुणाला त्याच्या मानेवरून दिसत होतं. पण चिडायला समोर कुणी सापडत नव्हतं. "बघतो मी," तो शेवटी म्हणाला. "कमी करतो."

"बापूसपण बघतोच म्हणायचा. पेणला बुधवारी बैठक असते, दारू सोडलेल्या माणसांची. हैबतरावांचा भाऊ जातो, चार वर्षं झाली. सकाळी दहाला. तुझी कुठली शिफ्ट?"

"उद्यापासून सेकंड."

"मग वेळ हाय."

"आणि पोरीचं काय?" धनेशनं विचारलं.

"ती शाळा सुरू होईस्तवर माझ्याकडं. तिची मर्जी असली तर."

"माझी पोर तू ठेवून घेणार?" आता मात्र तो चिडला. "लोक काय म्हणतील? बापसाला सांभाळता येत नाय म्हणून..."

"येत नाय," वैशाली म्हणाली. एवढा वेळ खाली बघत बसलेली बाई. तिलाही आपलाच आवाज नवीन वाटला असावा, कारण ती थांबली आणि मग परत म्हणाली, "नाय येत आपल्याला. जाऊ दे तिला. आणि बुधवारी मी येते तुमच्यासंगं. कंपनीत कुणाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

धनेश सुरभीसमोर उकिडवा बसला, तिच्याही खाली. "जातेस आत्याकडं?"

सुरभीनं मान हलवली. मग तिला वाटलं असावं की बापाला वाईट वाटलं, म्हणून म्हणाली, "तुम्ही बुधवारी आलात की भेटाल ना. कारखान्यात या. धोंडुआजी लय शिव्या देते, मजा येते."

"कुणाला देते?"

"सगळ्यांना. तुम्हालापण देईल."

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यात मोडलं. तो आत गेला आणि पोरीची पिशवी बाहेर घेऊन आला. दोन फ्रॉक काढले, दोन दुसरे भरले, रंगपेटी टाकली. चेन अडकली, ती ओढत बसला. बुधवारी हा येईल का, ते सगुणाला ओळखता आलं नाही. माणसं वाचण्यात मुरलेली बाई, पण स्वतःच्या भावाचा बुधवार तिला दिसत नव्हता.

"साडेसहाची गाडी हाय," वैशाली म्हणाली. "जेवूनच जा, वन्सं. वालाचं बिरडं टाकते."

"सोलून झालं कुठं अजून?" सगुणा म्हणाली. पातेल्यातलं पाणी गार झालेलं, सालं घट्ट बसायला लागलेली. तिनं त्यात तांब्याभर गरम पाणी ओतलं, पातेलं पुढ्यात ओढलं आणि एकेक वाल चिमटीत धरून सोलायला घेतला.