सगळं तिच्या नावावर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे. माझी बायको ऑपरेशनला भ्यायची, म्हणून तिचे गुडघे तसेच राहिले आणि त्यापायीच ती गेली. ही गोष्ट मी पसरवली आणि ती खोटी आहे.

मी नागपुरात एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम केलं. पेन्शन नव्हतं. निवृत्त झालो तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात आली आणि आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. माझे वडील अचानक गेले होते. त्यानंतर माझी आई दर महिन्याला खर्चाचे पैसे मागायला काकांच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची आणि काकू मुद्दाम बराच वेळ आतून बाहेर यायची नाही. ते मी पाहिलं होतं. माझ्या बायकोवर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. मी आधी जाणार आणि ती मागे राहणार, हे मी गृहीतच धरलं होतं. आमच्या घराण्यात दुसरं काही घडलेलं नव्हतं.

म्हणून सगळीकडे वारस तीच. शेअर्सना नॉमिनी ती, मुदत ठेवींना ती, मृत्युपत्रात घर तिच्या नावावर. शिवाय बचत खात्यात मी एक मोठी रक्कम नुसती पडून ठेवली होती. बाजार पडला की स्वस्तात शेअर घ्यायचे आणि तिच्यासाठी आणखी वाढवून ठेवायचं, असा हिशेब. सकाळी बाजार उघडायच्या वेळेला मी टीव्हीसमोर बसायचो. ती चहा आणून ठेवायची आणि विचारायची, "उठले का तुमचे शेअर? का झोपूनच हायेत अजून?"

तिचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. माझं तोंड खर्चाचा आकडा ऐकून उतरलं, तिचं मात्र खुललं होतं. परत येताना ऑटोत ती एकसारखी बोलत होती. तिचं माहेर भिवापूरचं. मिरची निघाली की दरवर्षी ती भावाकडे जायची आणि अंगणातल्या लालभडक ढिगाशी बायकांमध्ये बसून देठ खुडायची. गुडघ्यांमुळे ते बंद पडलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतरही खाली बसता येणार नाही," मी म्हणालो.

"मंग खुर्ची टाकून बसीन. महाराणीवानी. पण जाईन तर खरी!"

मी म्हणालो, थोडं थांबू. तेव्हा बाजार पडलेला होता, तोट्यात कसं विकायचं? पुढे बाजार चढला, तेव्हा वाटलं, चढत्या बाजारात कोण विकतं? आणि खात्यातले पडून असलेले पैसे? त्यांना हात लावायचा नाही, ते तिच्याचसाठी आहेत, असं मी तिलाच सांगितलं.

"माह्यासाठी हायेत ना? मंग मले द्या," ती म्हणाली.

"अवं, मी गेल्यावर लागतील तुले."

"तुम्ही जाईपर्यंत मी काय रांगत राहू?"

आम्ही दोघंही हसलो. मी हसण्यावारीच नेलं, हे मला आज कळतं. त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

मग एकदा तिचा धाकटा भाऊ मिरचीची पिशवी घेऊन आला. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "भाऊजी, ताईच्या ऑपरेशनचं काय ठरलं?" पैसे असून मी थांबवलंय, हे त्याच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "मी तर तयार आहे. तुझी ताईच भिऊन राहिली."

ती स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. कपबशा टेबलावर ठेवल्या आणि भावाला म्हणाली, "हाव रे. भेव वाटते मले."

त्या दिवसापासून ते तिचंच वाक्य झालं. कोणी विचारलं की मी बोलायच्या आत तीच म्हणायची. लग्नाकार्यात बायका तिला भित्री म्हणून चिडवायच्या आणि ती हसायची.

पुढच्या हिवाळ्यात न्हाणीत तिचा गुडघा लचकला आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात छातीत कफ झाला. बचत खात्यातले पैसे तेव्हा पहिल्यांदा बाहेर निघाले आणि भराभर निघाले. काउंटरवर कार्ड देताना मला एकदाही विचार करावा लागला नाही.

भाऊ भिवापूरहून धावत आला. तिचा हात धरून रडत म्हणाला, "ताई, तू तेव्हा भ्याली नसतीस तर आज अशी पडली असतीस का वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आता तरी मी काही बोलतो का, एवढंच ती पाहत होती, असं मला वाटलं. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "चुकलंच रे बाप्पा माहं."

ती गेली. तेरवीच्या पंगतीतही लोक तेच बोलले आणि मी मान हलवली. पुढे बँकेतल्या मुलीनं विचारलं, "काका, नॉमिनी कोणाला ठेवायचं?" प्रत्येक ठिकाणी तिचं नाव खोडावं लागलं. आता सगळं आमच्या लेकीच्या नावावर केलं आहे. पैशाला हात लावायला कशासाठी किती थांबायचं ते तू ठरव, असं तिला सांगितलं. पण हे मात्र सांगितलं नव्हतं. ती आणि तिचा मामा, दोघांनीही हे वाचावं.

दवाखान्यात त्या संध्याकाळी भाऊ चहा प्यायला खाली गेला, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. तिचे डोळे उघडे होते. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं, "पाणी पाहिजे का?" ती नाही म्हणाली. मला विचारायचं ते नव्हतं. मला म्हणायचं होतं, अवं, पैसे होते. तू कधीच भ्याली नव्हतीस, मीच होऊ दिलं नाही आणि वरून तुझं नाव पुढे केलं. लय चुकलं माझं. मले माफ कर.