रेतीत किती हवा ठेवावी

रेतीत गाडी घालायची असेल तर आधी चारही टायरांची हवा कमी करा. हे मी राजस्थानात, वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी, घरच्या माणसांसमोर मोठ्यानं बोलले होते. कुणी ऐकलं नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

आम्ही मलकापूरचे. नवऱ्याचं दुकान स्टेशनजवळ आहे. शेत पूर्णेच्या पलीकडे आहे आणि ते मी बघते. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून पाणी ओसरलं की सगळे पात्रातूनच ये-जा करतात. त्यासाठी मी एक जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर मिळणारी. जीप माझ्या नावावर आहे आणि चालवतेही मीच. फक्त जावई घरी आले की किल्ली त्यांच्या हातात जायची.

जावई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. ते बुलढाण्याला राहतात. आमच्याकडे जावई पानावर बसल्याशिवाय कुणी घास घेत नाही, मग भात निवून गोळा झाला तरी चालेल. माझी त्याला हरकत नव्हती. आधी त्यांना वाढलं म्हणून माझं काही जात नव्हतं. पण माझ्या जीपचं स्टेअरिंग जावयाच्या मानात कधी धरलं गेलं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही माझ्या जीपनं राजस्थानात गेलो. मी, नवरा, सासूबाई, ताई म्हणजे नणंद, आणि जावई. निघताना पंपावर त्यांनी हवा भरणाऱ्याला सांगितलं, "चाळीस मार. टाईट हवेनं गाडी पयते." हवा टाईट तर गाडी जोरात पळते, ही समजूत आमच्या भागात घरोघरी आहे. लांब जायचं म्हणजे हवा टाईट, ओझं भरलं की अजून टाईट, ऊन असलं तरी टाईटच.

टेकड्यांपाशी पोहोचलो तर तिथले जीपवाले चाकांजवळ उकिडवे बसून हवा सोडत होते. मी एकाला विचारलं. तो म्हणाला, नरम टायर पसरतो आणि वर राहतो, कडक टायर खोदतो. शेती करणाऱ्या बाईला एवढं पुरे होतं. चिखलात बैलाचा पाय किती रुततो आणि फळी टाकली की माणूस कसा वरच्या वर जातो, हे मी रोज बघते.

"जवाईबापू, आपणही हवा काढू," मी म्हटलं.

"वहिनी, नरम हवेनं टायर फाटते. तुमी मांगं बसा."

पहिल्याच चढावर निम्म्यात गाडी अडली. त्यांनी अजून रेस दिली. चाकं जागेवर फिरत खाली गेली, क्लचचा जळका वास सुटला, सासूबाई देवाचं नाव घेऊ लागल्या. मग जावई खाली उतरले आणि एकदम गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमी बसा स्टेरिंगवर. आमी धक्का देतो." मला वाटलं, चला, अक्कल आली. मी बसले. माझा नवरा आणि दोन अनोळखी माणसं मागून ढकलू लागली. जावई मात्र बाजूला उभे राहून मोबाईल धरून होते.

आम्ही मुक्कामाला पोहोचायच्या आत तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत होता. स्टेअरिंगवर मी, फिरणारी चाकं, नवऱ्याच्या तोंडावर उडणारी रेती. खाली जावयांनी लिहिलं होतं, "वहिनीनं जीप रुतवली. पाहा कमाल."

त्यानंतर ज्या लग्नात जावं तिथे तेच. शेगावचे मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, मला लांबूनच हाक मारायचे, "काय सूनबाई, औंदा कुठी रुतवता?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. जावई शेजारी बसून सुपारी कातरत असायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या मामा, बाईमानूस हाय."

मी नवऱ्याला म्हटलं, "खरं काय झालं ते तुम्ही सांगा. तुम्ही तिथंच होते."

"अवं जाऊ दे ना. जवाई हाय आपला. एका व्हिडिओनं काय होते?"

"रेती तुमच्याच तोंडात गेली होती. चव विसरले वाटते."

तो दुकानाकडे निघून गेला. ताईनंही खरं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मी ठरवलं की हे आपलं आपणच फेडायचं, आणि फेडायचं ते रेतीतच.

पूर्णेच्या पात्रात पावसाळ्यानंतर रेतीचे उंचवटे राहतात. काही माणसाच्या डोक्याएवढे, काही त्याहून मोठे. मी रस्त्यानं जाणं सोडलं आणि मुद्दाम त्यांच्यावर जीप घालू लागले. हवेचं मीटर आणि जीपच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. पंचवीसवर चाकं खोदतात. वीसवर सपाटीला चालतं, चढ लागला की बसतं. पंधरावर जीप पहिल्यांदा उंचवट्यावर चढली तेव्हा मी एकटीच होते आणि मोठ्यानं शिवी दिली. कुणाला, ते सांगायला नको.

मग लोभ सुटला. पंधरावर इतकी छान चालते तर दहावर काय होईल म्हणून दहा केली, आणि वळताना पुढचा टायर रिमवरून सुटला. जॅक रेतीत घुसत होता. त्याखाली पाट ठेवून चाक काढावं लागलं. तेव्हापासून मी बाराच्या खाली जात नाही आणि रेतीत स्टेअरिंग झटक्यानं फिरवत नाही. ओझं असेल तर दोन-तीन जास्त ठेवते. उन्हात मीटर जास्त दाखवतं, म्हणून हवा सकाळी थंड टायरांवर मोजते. ब्रेक लावत नाही, नुसता पाय काढते, आणि थांबायचं झालं तर उताराकडे तोंड करून थांबते. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. रागानं शिकवलं.

यंदा जावयांनी नवी गाडी घेतली. काळी, उंच, पायरीवर पाय देऊन चढावं लागणारी. फोनवर म्हणाले, "वहिनी, आता कुठंबी घाला. रुतायचं कामच नाही." मी म्हटलं, "मग या की शेतात. रोडगे करू. सगळ्यांनाच बोलावते."

सगळ्यांनाच बोलावलं. मामांना शेगावहून आणलं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, त्यावर तुपाची धार. रोडग्यांना नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे जन्मला नाही. बरीच मंडळी सकाळीच पलीकडे पोहोचली होती. जावई आणि ताई उशिरा आले, तेव्हा काठावर मी, नवरा, सासूबाई आणि मामा थांबलो होतो.

मी जीपची हवा सोळावर आणली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जवाईबापू, तुम्हीही हवा काढा. सोळा-सतरा ठेवा, नाहीतर रुताल."

हे मी त्यांच्या भल्यासाठी बोलले असं कुणी समजू नये. मी गप्प राहिले असते तर त्यांनी माझ्या टायरांकडे बघून कदाचित स्वतःच हवा काढली असती. मी सांगितल्यावर ते काढणं शक्यच नव्हतं. एवढी वर्षं मी त्यांना वाढलं आहे, त्यांचा स्वभाव मला पाठ आहे.

"वहिनी, हे तुमची खटारा नोहे," ते हसून म्हणाले. "चाळीस हाय आन चाळीसच राह्यन."

ते पुढे निघाले. पहिला उंचवटा वेगात पार झाला. दुसऱ्यावर गाडीचं नाक वर गेलं, मागची चाकं फिरली आणि ती काळी गाडी माझ्या डोळ्यांदेखत पोटापर्यंत खाली बसली. मी मागून गेले, त्यांच्या शेजारून, त्याच चढावरून, हळूहळू. हॉर्न वाजवला नाही. फक्त काच वर केली. सासूबाई म्हणाल्या, "अवं, थांब ना." मी म्हटलं, "चढावर थांबलं तर आपणही रुतू, आई." ते खरंच होतं.

पलीकडे रोडगे तयार होते. सगळे हात धुऊन बसले आणि जावयाची वाट बघू लागले. पात्राच्या मध्यातून इंजिनाचा आवाज येत होता. जरा वेळानं ताई एकटीच चालत आली, चपला हातात घेऊन.

"थे उतरत नाहीत," ती म्हणाली. "म्हंते, दोन मिनटात काहाडतो."

सासूबाई म्हणाल्या, "जवाई बसल्याबिगर पंगत कशी बसन? थांबा सारे."

मामा म्हणाले, "बाई, रोडगा थंडा झाला तं दगड होते."

माझ्या हातात भाजीचं पातेलं होतं. मी काही बोलायच्या आत ताई पंगतीत मधोमध बसली. जिथे तिचा नवरा बसतो, तिथेच. "वाढ वं मले," ती मला म्हणाली. "भूक लागली." जावयाच्या बायकोनंच घास घेतल्यावर बाकीच्यांना काय अडचण? पंगत जावयावाचून बसली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या हातानं रोडगा फोडलाच.

मी पोटभर जेवले. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "जाय ना आता. लय झालं."

"माझं ताक राह्यलं," मी म्हटलं.

ताक पिऊन, मीटर आणि घमेलं घेऊन मी गेले. मामा, ताई, नवरा, सगळे मागे आले. जावई काचा लावून आत बसले होते. मी काचेवर टकटक केली.

"किल्ली राहू द्या. तिकडं सरका."

त्यांनी माझ्या मागची माणसं बघितली आणि सरकले. मी म्हटलं, "सरका म्हणजे आधी उतरा. रेती काढा." घमेलं त्यांच्या हातात दिलं. ते चाकांपुढची रेती उपसत होते तोवर मी एकेका टायरची हवा सोडली.

"पंचवीस बस झाली," ते म्हणाले.

मी सोळावर थांबले. गाडी आपल्याच चाकोरीतून थोडी मागे घेतली आणि मग पुढे. एकाही हाताचा धक्का न लागता ती वर आली. शेजारच्या सीटवर जावई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ताई मोबाईल धरून उभी होती. तिला मी सांगितलं नव्हतं.

त्यांना सगळ्यांनंतर जेवायला वाढलं. तूप कमी केलं नाही.

परतताना अलीकडच्या काठावर, डांबरी रस्त्याच्या तोंडाशी, मी पंप काढून त्यांच्यापुढे ठेवला. नरम टायरांनी डांबरीवर पळवणं धोक्याचं असतं, आणि गाडीत माझी नणंद होती. ते चाकाजवळ उकिडवे बसले. मंडळी आजूबाजूला उभी होती.

"किती भरू?" ते टायरकडे बघत पुटपुटले.

"काय म्हणले?"

"किती भरू म्हणलं, वहिनी."

"बत्तीस."

चारही टायरांत त्यांनी बत्तीस भरली.

घरी पोहोचलो तर ताईनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मामांनी विचारलं, "मंग राजस्थानात रुतली तवा कोन होतं वो गाडीवर?"

ताईनं उत्तर दिलं, "हेच."

जावई दिवाळीला आले होते. मी आधी त्यांनाच वाढलं. जीपची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि त्यांनी मागितली नाही.