उजेडात धरलेलं कार्ड

विद्यापीठातल्या आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत पाऊल टाकलं की तळव्यांना गार फरशी लागायची. यंत्रांची एकसुरी घरघर कानांत भरायची आणि बाहेरचं ऊन, बस, घर, सगळं कुठेतरी लांब राहून जायचं. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. हडपसरहून दोन बस बदलून मी एम.एस्सी.ला येत होते. त्या खोलीत मला नेहमी पाण्याखाली असल्यासारखं वाटे. आजही स्वप्नात ती खोली येते तेव्हा तिला भिंती नसतात.

पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटवायचा प्रकल्प मी घेतला होता. ठिपक्याला ठिपका जोडून एकेक अक्षर बनवायचं. क, म, र झाले होते. ‘ळ’पाशी मी तीन आठवडे अडकले होते.

त्याच सुमारास विज्ञानात काम केलेल्या स्त्रियांचा गौरव करायचा असं विभागाने ठरवलं. भिंतीवर लावायला परदेशी शास्त्रज्ञ बायकांची चित्रं आली. विभागप्रमुख सर ती बघत म्हणाले, “आपल्या इथलं कुणी शोधा की.” इथे पहिलं यंत्र आलं तेव्हा त्याच्यावर काम करणाऱ्या एक बाई होत्या आणि निवृत्तीनंतर त्या शनिवार पेठेत राहतात, एवढंच त्यांना आठवत होतं. माझी मैत्रीण त्याच पेठेतली. ती म्हणाली, “म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या काकू!”

आम्ही गेलो तेव्हा काकू नुकत्याच मंडईतून आल्या होत्या. पिशवी रिकामी करत त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. पोस्टकार्डापेक्षा जरा लांब असं पिवळट कार्ड होतं ते. वर पेन्सिलीने लिहिलं होतं : पालक, दोडके, लिंबं. आणि कार्डभर बारीक चौकोनी भोकं.

“सत्कार?” काकू म्हणाल्या. “मी अजून जिवंत आहे हे सांगितलंत ना त्यांना?”

मैत्रीण हसली. मी मात्र त्या कार्डाकडेच बघत होते. ते त्यांच्या लक्षात आलं. कार्ड उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं. भोकांतून आलेले उजेडाचे ठिपके त्यांच्या गालावर, चष्म्यावर पसरले. मग एकेक भोक नजरेने टिपत, पोथी वाचावी तशा त्या वाचू लागल्या. एक ओळ, इंग्रजी अक्षरांची, आकड्यांची.

“हा एका ताऱ्याच्या गणितातला तुकडा,” त्या म्हणाल्या. “तेव्हा यंत्राला असं भोकं पाडून सांगावं लागायचं. एक भोक चुकलं की दोन दिवस गेले. घरी गठ्ठा पडलाय. यादीला बरा पडतो.”

“गणित तुमचं होतं?” मी विचारलं.

“गणित साहेबांचं. ते यंत्राला कळेल असं मांडलं मी. निबंध छापून आला, त्यात शेवटी ‘एका सहायिकेचे आभार’ म्हणून ओळ आहे.” त्यांनी कार्ड खाली ठेवलं. “ती सहायिका मी.”

त्यात राग नव्हता. मग त्यांनी आमच्यासाठी चहा टाकला. निघताना त्या म्हणाल्या, “येईन. शाल-नारळ नको. मला अर्धा तास मुलींशी बोलू द्या.”

कार्यक्रमाला मी आईला बोलावलं होतं. आई वस्तीतल्या बालवाडीत शिकवायची. निळ्या काठाची साडी नेसून ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. खिडक्यांतून आंब्याच्या मोहोराचा वास येत होता.

काकूंनी भाषण केलंच नाही. उभ्या राहून म्हणाल्या, “एकेक जण पुढे या. काय केलंत ते सांगा आणि आपलं नाव सांगा. पूर्ण.”

मुली एकेक करून पुढे जाऊ लागल्या. विभागात मी फक्त पहिलं नाव सांगत असे. आडनाव ऐकलं की काही चेहऱ्यांवर क्षणभर काहीतरी हलायचं. कुणी काही बोलायचं नाही, पण मला दिसायचं. माझी पाळी आली. मी म्हणाले, “मी यंत्राला मराठी अक्षरं शिकवतेय.” आणि थांबले.

“कुणी?” काकूंनी विचारलं.

मी नाव सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कुणीतरी शेजारी उभं राहून बोलल्यासारखा. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “हं. आता निबंधात असंच छापून आणायचं.”

नंतर आम्ही सगळे त्या गार खोलीत गेलो. आईनेही चपला काढल्या, पदर सावरला. मी पडद्यावर माझी अक्षरं आणली. आई वाकून, मुलांच्या पाट्या तपासते तशी, बघत राहिली.

“ळ चुकलाय,” ती म्हणाली. “दोन्ही गाठी सारख्या केल्यास. माझी पोरं पण हेच करतात. दुसरी जरा मोठी घे.”

खोलीत हशा पिकला. मी तिथल्या तिथे ठिपके बदलले आणि ळ पडद्यावर नीट उभा राहिला. तीन आठवड्यांनी.

काकूंनी आईला विचारलं, “आपण काय करता?”

“बालवाडीत असते. अक्षरओळख.”

“म्हणजे अवघड काम तुमच्याकडे आहे,” काकू म्हणाल्या.

संध्याकाळी त्या दोघी पुढे चालत होत्या, मी मागे. विद्यापीठातला तो झाडांखालचा रस्ता, पानांतून गळणारं ऊन. काकू हातवारे करत आईला काहीतरी सांगत होत्या आणि आई, जी अनोळखी माणसांत कधी तोंड उघडत नसे, मोठ्याने हसत होती. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही. आमची बस आली आणि गेली. दोघींपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.