टेबलाची उंची

ताई आणि भावोजी दोघंही शिंपी. कापड बेतायचे ते, शिवायची ती. बावीस वर्षांत हा क्रम कधी मोडला नाही. दोन घरांच्या मध्ये चेंगरून उभं असलेलं एक जुनं तीन मजली घर त्यांनी घेतलं. खाली दुकान, वर राहायचं. घर इतकं अंधारं, की भरदुपारी सुईत दोरा ओवायला दिवा लागायचा. मधली भिंत पाडायची, जिन्यावरच्या छपराला काच बसवायची, हे भावोजींनी जमिनीवर खडूने आखून दाखवलं होतं. भिंत पडली आणि आठवड्याभरात भावोजी झोपेतच गेले.

ताईने काम थांबवलं नाही आणि त्यात लक्षही घातलं नाही. रंगारी दोन रंग पुढे धरायचा, ती नुसतं 'हं' म्हणायची. मी चिडून विचारलं, काळा लावायचा का? त्यालाही 'हं'. शेवटी पांढरा मीच ठरवला. ती रडत नव्हती, वाढलं की जेवायची. मला तिची भीती वाटायला लागली होती. दुकान चालवायचं तर आता बेतायचंही तिलाच होतं, आणि कात्रीला तिने अजून हात लावला नव्हता.

सुताराने बेतायच्या टेबलाची उंची विचारली, तेव्हा मात्र ती चटकन बोलली. बेचाळीस इंच. चला, काहीतरी ठरवतेय, म्हणून मला हायसं वाटलं.

टेबल आलं त्या दिवशी काचेतून उतरलेलं ऊन मागच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. ताई टेबलापाशी उभी राहिली, तर ते तिच्या छातीला लागलं. भावोजी ताडमाड, ही जेमतेम त्यांच्या खांद्याएवढी. बेचाळीस त्यांचे होते. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

सुतार बिचारा ओशाळला. पाय कापून देतो म्हणाला, फक्त किती ठेवायचे ते सांगा.

ताईचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि तिथेच राहिला. "माझं माप मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते ह्यांना पाठ होतं."

वाकलं की माप चुकतं, त्यामुळे शिंप्यालाही स्वतःचं माप दुसऱ्याकडूनच घ्यावं लागतं. मी तिच्या गळ्यातली टेप काढली, खाली बसले आणि जमिनीपासून कमरेपर्यंत धरली. पस्तीस.

तिने मान खाली घालून तो आकडा बराच वेळ पाहिला.

"एवढीच का गं मी?"

मी टेप परत तिच्या गळ्यात घातली. तिने सुताराला कापा म्हणून सांगितलं. चौथा पाय कापून होईपर्यंत ती उन्हात उभी राहिली, मग माझ्याकडे न बघता तिने कात्री मागितली.