झोपेत पाहिलेले सिनेमे

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आज सकाळी पुन्हा एकाचा फोन आला – "सुधीरजी, वीकेंडला काहीतरी वेगळं सुचवा ना, एकदम हटके, पण बोअर नको" – आणि मी इतका वैतागलो की समोरचा चहा मोरीत ओतून दिला. त्याच्यावर का वैतागायचं? तो बिचारा काय करणार? बेंगळुरूतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत माझं नावच तसं झालंय. जगभरचे सिनेमे, तेही नेहमीच्या वाटेने न जाणारे – ते सुधीरला विचारा.

पोर्तुगालचा तो सिनेमा – एक विधवा घरातले दरवाजे एकेक करून विकत सुटते आणि शेवटी वारा सगळ्या घरातून आरपार जातो. सेनेगलचा तो न्हाव्याचा – एकाही गिऱ्हाईकाचा चेहरा दिसत नाही, फक्त माना. कोरियाचा एक – नवरा-बायको भांडतात, पण त्यांचा आवाज बंद आणि ऐकू येतो तो शेजारच्यांचा टीव्ही. मी हे असं सांगतो ना, की लोक ऐकत राहतात.

यातला एकही मी पुरता पाहिलेला नाही.

थांबा, एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. असल्या थापा कोण मारत नाही?

हे सिनेमे पाहिले होते माझ्या वहिनीने. शैलावहिनी – निपाणीची, बँकेत ऑफिसर. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून मला अरे-तुरेच करते. इंदिरानगरला एका फिल्म सोसायटीत शनिवारी दुपारी सिनेमे दाखवत. तिला जायचं असायचं, आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, तिने एकटीने जाणं पसंत नव्हतं. अण्णाला स्वतःला त्यात रस शून्य. मग सोबत म्हणून मी. आठवडाभर कारखान्यात उभा राहिलेला माणूस मी – अंधार, एसी, मऊ खुर्ची. पहिल्या दहा मिनिटांत माझी मान पडायची.

परत येताना मेट्रोत वहिनी सगळा सिनेमा सांगायची. मॅजेस्टिकला गाडी बदलतानासुद्धा तिचं बोलणं थांबत नसे. "झोपलासच की रे! स्वल्प तरी डोळे उघडायचे! अरे, त्या बाईनं शेवटचा दरवाजा विकला नाही, जाळला – का जाळला असेल सांग." बनशंकरी येईपर्यंत ती मला विचारत राहायची आणि स्वतःच उत्तरं देत राहायची. घरी गेल्यावर मी ते सगळं आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचो. माझ्या नावाने. तिची वाक्यंच्या वाक्यं. तिनं ती वाचलीही असणार – ग्रुपवर तीही होती. कधी बोलली नाही. माझी मात्र वाहवा! मंडळाने मला महिन्यातून एका रविवारी सिनेमा दाखवायचं काम दिलं. मी घेतलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं का मला?

आता ते, जे कोणापाशी बोललो नाही.

जॉर्जियाचा एक सिनेमा होता. डोंगरातलं घर, सासू आणि सून. त्या शनिवारी वहिनी मेट्रोत नेहमीपेक्षा गप्प होती. मग म्हणाली, "सुधीर, हा मंडळात लावू नकोस. लावलासच तर आधी उठून चार वाक्यं बोल. पोरं नकोत म्हणून सांग. लोकांना तयार कर, मग दाखव." मी कानडीत "सरी, सरी" म्हणत होकार दिला आणि मोबाईल बघत बसलो. तिनं का म्हणून सांगितलं, ते मी विचारलंसुद्धा नाही. पोस्टर देखणं होतं – बर्फात वाफाळणारं घंगाळ. मी लावून टाकला. प्रस्तावना नाही, काही नाही.

रविवारची दुपार, हॉल भरलेला. आजी-आजोबा पुढे, मुलं खाली सतरंजीवर. आणि सिनेमाच्या मध्यावर ती सून म्हाताऱ्या सासूला अंगणात आंघोळ घालते. म्हातारीच्या अंगावर एक चिंधी नाही. संगीत नाही. दृश्य संपतच नाही. आधी कोणीतरी खाकरलं, मग पोरं फिदीफिदी हसली, मग एक गृहस्थ मुलांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. "अहो, बंद करा ते!" दिवे लागले. आमचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "हे निवडलं कोणी?"

मी काय म्हणालो माहितेय? मी म्हणालो, "वहिनींनी सुचवला होता. मी हा भाग पाहिलेला नाही – माझा डोळा लागला होता."

झोपेची कबुली मी आयुष्यात एकदाच दिली. ती तेव्हा. स्वतःला सोडवायला.

वहिनी तिसऱ्या रांगेत अण्णाशेजारी बसली होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात तिला मला उघडं पाडता आलं असतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "हो. मला आवडला होता." बस्स, एवढंच. अण्णा उठला आणि तिच्यासाठी न थांबता बाहेर गेला.

त्यानंतर शनिवार आला की त्यांच्या घरी वाद. "असलं बघायला जात होता तुम्ही?" अण्णा मलाही विचारायचा, आणि मी म्हणायचो, "मला तरी कुठं ठाऊक होतं?" काही आठवडे ती भांडली. मग तिनं सोडून दिलं. मंडळातल्या बायकांनी हळदीकुंकवाचं काम तिच्याकडून हळूच काढून घेतलं. आणि माझं काय झालं? माझं वजन वाढलं! चूक झाली तर सरळ सांगतो, प्रामाणिक माणूस – असं अध्यक्ष चारचौघांत म्हणाले. मी हात जोडले. काय म्हणावं असल्या माणसाला? रोज दाढी करताना त्याच्याकडे बघावं लागतं मला.

पुढे एका दुपारी घरी कोणी नसताना मी तो सिनेमा लावला. जागा राहून, सगळा. त्या दोघी तोपर्यंत एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या नसतात. सून पाण्यात स्वतःचं मनगट बुडवून बघते, गार पाणी मिसळते, पुन्हा बघते. मग म्हातारीच्या पाठीवर तांब्या ओतते आणि म्हातारी डोळे मिटते. एवढंच आहे त्यात. मी टीव्ही बंद केला आणि वहिनीला फोन लावला. तिनं उचलल्यावर मी विचारलं, "गॅसवाला येऊन गेला का तुमच्याकडे?"

काल अण्णाकडे जेवायला होतो. त्यांचे नवे शेजारी आले होते, धारवाडकडचे, हौशी नवरा-बायको. अण्णा कौतुकाने म्हणाला, "सिनेमाचं काय विचारायचं ते आमच्या सुधीरला विचारा. जगातलं सगळं पाहिलंय पठ्ठ्यानं." वहिनी ताक वाढत होती. शेजारीण तिला म्हणाली, "अक्का, तुम्हालाही आवडतात का हो?" अण्णाच बोलला, "छे, तिला कुठं त्यातलं कळतंय."

वहिनीनं माझ्या वाटीत ताक घातलं आणि ती पुढच्या पानाकडे सरकली.

"सांगा ना मग एखादा," शेजारी म्हणाले.

मी त्यांना पोर्तुगालचा सांगितला. विधवेचा, दरवाज्यांचा. शेवटचा दरवाजा ती का जाळते, तेसुद्धा समजावून दिलं.